ट्रॉली जोडण्यापूर्वी दहा मिनिटे

या पानावर आपण बहुधा भाव, उधारी, हिशेब आणि बाजाराची चाल यांविषयी वाचतो. आजचा विषय जरा वेगळा, पण प्रत्येक व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या रोजीशी निगडित आहे. माल दुकानातून निघतो आणि बाजारात पोहोचतो, या दोहोंच्या मध्ये जो रस्ता आहे, त्या रस्त्याचा हा विषय आहे.

आपल्या खानदेशात ट्रॅक्टरमागची ट्रॉली काय वाहत नाही? रावेर-यावलची केळी, धरणगाव-चोपड्याचा कापूस, शिरपूरची पपई, विटा, वाळू, मांडवाचे सामान, यात्रेतल्या दुकानांच्या पेट्या आणि वेळप्रसंगी आमच्यासारख्यांच्या कापडाच्या गठाणीही. ट्रॅक्टरला मालक असतो, सर्व्हिसिंग असते. ट्रॉलीकडे मात्र कोणी पाहत नाही. तिला इंजिन नाही, म्हणून तिला देखभालही नको, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत किती महागात पडते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ईद तोंडावर आली होती आणि साक्री तालुक्यातल्या एका आठवडे बाजाराला माल न्यायचा होता. टेम्पो मिळेना, म्हणून आम्ही ओळखीच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने ठरवला. भाड्यात शंभर-दोनशे रुपये कमी करून घेतले आणि मनोमन खूश झालो. वाटेत एका उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली आणि रस्ता सोडून बाभळीत घुसली. समोरून कोणी येत नव्हते, ही अल्लाहची मेहरबानी. पण गठाणींवर बसलेल्या आमच्या हमाल पोराचा हात मोडला. नंतर पाहिले तेव्हा कळले, की हुकाच्या पिनीला खालून जे लॉक लागते, त्याच्या जागी एक साधा खिळा वाकवून घातलेला होता. खिळा तुटला, खड्ड्यात पिन वर उडाली आणि ट्रॉली मोकळी झाली.

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्याची घडी उलगडून उजेडासमोर धरतो आणि एक धागा तुटलेला असला तरी माल परत करतो. त्या दिवशी मात्र हजारो रुपयांचा माल आणि एका आईचा मुलगा ज्या पिनीच्या भरवशावर पाठवला, त्या पिनीकडे आम्ही वाकूनही पाहिले नाही. दवाखान्याचा खर्च आणि पोराची बुडालेली मजुरी आम्ही दिली. पण जे दहा मिनिटांत टळले असते, त्याची भरपाई पैशाने होत नाही. तेव्हापासून आम्ही जे शिकलो, मिस्त्री लोकांना विचारून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडत आहोत.

कारवां आणि कॅरॅव्हॅन

युरोपात मोटारीमागे जोडून ओढायच्या राहत्या गाडीला 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. हा शब्द मूळ फारसीतला 'कारवां' होय. मोगल काळात सुरत बंदर ते बुऱ्हाणपूर हा कापडाच्या व्यापाराचा मोठा रस्ता नंदुरबार, थाळनेर या आपल्याच मुलखातून जात असे आणि त्यावरून कारवां चालत. जनावरांच्या पाठीवरचा भार, दोर, नाल हे सारे निघण्यापूर्वी पाहिले जाई, कारण वाटेत जनावर बसले तर माल तिथेच राहायचा.

आजच्या कॅरॅव्हॅनबाबतही तिकडे तेवढीच दक्षता घेतात. युरोपात ७५० किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो आणि अशा ट्रेलरची जोडणी तुटलीच, तर थांबवण्याची सोयही ठेवावी लागते. बहुतेक छोट्या ट्रेलरांना त्यासाठी एक बारीक तार असते. ती खेचली गेली, की ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागतो. आपल्याकडच्या बहुतेक शेती ट्रॉल्या कित्येक टन माल वाहतात, पण त्यांना ब्रेक मुळीच नसतो. म्हणून आपल्याला दक्षता त्यांच्यापेक्षा जास्त घ्यावी लागेल.

हूक, पिन आणि साखळी

तपासणीची सुरुवात जोडणीपासून करावी.

१) पिन काढून हातात घ्यावी. मधोमध झिजून खाच पडली असेल किंवा ती वाकली असेल, तर बदलावी. नव्या पिनीच्या जाडीचा दहावा हिस्सा झिजला, की ती बाद समजावी, असा नियम आम्ही ठेवला आहे. बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून कधीही वापरू नये. चांगली पिन त्या कामासाठीच्या पोलादाची असते, सळई नव्हे.

२) पिनीच्या खालचे लॉक खरे असावे. खिळा, तार, सुतळी चालणार नाही. पाच-दहा रुपयांची ही वस्तू दोन जास्तीच्या घेऊन ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावी.

३) ट्रॉलीच्या दांडीचे डोळे लांबट झाले आहे का, दांडी जिथे चौकटीला जोडलेली आहे तिथे वेल्डिंगला बारीक तडा आहे का, हे पाहावे. तडा धुळीखाली लपतो, म्हणून आधी फडक्याने पुसावे. गंजाची तांबूस रेघ दिसली, की बहुधा खाली तडा असतो.

४) पिनीशिवाय दोन साखळ्या असाव्यात आणि त्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे फुलीसारख्या, बांधाव्यात. पिन तुटलीच तर दांडी जमिनीत न रुतता या फुलीवर अडकते. वळताना ताण पडणार नाही इतपत साखळी ढिली असावी, पण जमिनीला घासू नये.

चाक, टायर आणि बेअरिंग

आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी डांबर तापते आणि टायरही तापतो. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना पाहावी. चालून आल्यावर तापलेल्या टायरमधली हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नये. काढली तर थंड झाल्यावर हवा कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. हवा किती भरायची, हे टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत आणि भाराप्रमाणे ठरवावे. एकाच एक्सलवर एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, असे करू नये. टायरच्या बाजूंना भेगा पडल्या असतील तर वरची नक्षी कितीही चांगली असो, तो टायर लांबच्या वाटेला नेऊ नये. ट्रॉली महिनोन्‌महिने उन्हात उभी राहते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी तडकतात.

चाकाचे नट पान्याने समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. चाक बदलले असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळावेत, कारण बैठक बसली की ते ढिले होतात.

आता बेअरिंग. ट्रॉली नदी-नाल्यातून जाते, चिखलात उभी राहते, हबमध्ये पाणी शिरते आणि ग्रीस धुऊन जाते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर आणि कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी, हब उघडून बेअरिंग रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन नवे ग्रीस भरावे. रोजच्या तपासणीसाठी सोपी रीत अशी: रिकामी ट्रॉली सपाट जागी पिनीने जोडलेली ठेवून बाकीच्या चाकांना ठोकळे लावावेत, मग एक चाक जॅकने उचलून वरून-खालून धरून हलवावे. खडखड हलले, तर बेअरिंग ढिले आहे. हाताने फिरवल्यावर खरखर आवाज आला, तर ते खराब झालेले आहे. प्रवासात पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून हाताची मागची बाजू हबजवळ न्यावी. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल, तर पुढे जाऊ नये. बेअरिंग जाम झाले, की चाक एक्सलसकट निखळते आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाते.

पाट्यांचे यू-बोल्ट आणि मधला बोल्टही पाहावा. एक पाटा तुटला असेल तर एक्सल तिरका होतो आणि ट्रॉली एका अंगाला चालते. मागून पाहणाऱ्याला हे लगेच दिसते. म्हणून निघताना एकाने पन्नास पावले मागे राहून पाहावे.

ब्रेक आणि उतार

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, कारण शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक लागतो. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पायड्या खिट्टीने जोडल्याच पाहिजेत. खिट्टी न लावता जोरात ब्रेक मारला आणि पाय एकाच पायडीवर पडला, तर ट्रॅक्टर फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा करते. शेतातून थेट बाजाराला निघालेल्या ट्रॅक्टरमध्ये हीच चूक वारंवार आढळते.

ट्रॉलीला ब्रेक नसल्याने सारा भार ट्रॅक्टर थांबवतो. वेग दुप्पट केला, तर थांबवावी लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी २० किलोमीटरने जाणारी ट्रॉली जिथे थांबते, तिथे ४० ने जाणारी थांबत नाही. ती पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत नेते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे इंजिनचा ब्रेक हाताने काढून टाकणे होय.

उतारावर ब्रेक गेला तर काय होते, हे धुळे जिल्ह्याने ४ जुलै २०२३ रोजी पाहिले. मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि किमान १० माणसे मृत्युमुखी पडली. ती ट्रॉली नव्हती, पण नियम एकच आहे: जे थांबवता येत नाही ते चालवू नये. कन्नड घाट किंवा कोंडाईबारी घाट यांसारख्या वाटेला ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली नेऊच नये. भाडे जास्त पडले तरी ट्रक करावा.

माल कसा भरावा

दोनचाकी ट्रॉलीत माल कुठे ठेवला याला मोठे महत्त्व आहे. सारा जड माल मागे भरला, तर दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते. फार पुढे भरला, तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून जड गठाणी तळाला, एक्सलच्या वर आणि किंचित पुढे ठेवाव्यात, हलका माल वर. दोन्ही अंगांना भार सारखा असावा. फाळक्याच्या वर गेलेला माल दोराने आडवा-उभा बांधावा. ताडपत्री फक्त पाणी आणि धूळ अडवते, माल अडवत नाही. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून दोर पुन्हा ताणावा, कारण माल बसतो आणि दोर ढिला होतो.

किती भरावे, हे डोळ्याने ठरवू नये. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात भरलेले एकूण वजन आणि रिकामे वजन दोन्ही लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, एकूण ६ टन आणि रिकामे दीड टन असेल, तर माल साडेचार टनांपेक्षा जास्त भरता येत नाही.

मालावर माणूस बसवू नये. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे यावल तालुक्यातील किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला आणि त्याच गाडीतून परतणारे रावेर तालुक्यातील १५ मजूर प्राणाला मुकले. दिवसभर राबून घरी निघालेली ती माणसे होती. उर्साला, लग्नाला, इज्तेमाला जाताना आपणही बायकामुले ट्रॉलीत बसवतो आणि 'जवळच तर जायचे आहे' म्हणतो. आमचा हमाल पोरगाही जवळच जाणार होता.

दिवे आणि पाठीमागची खूण

रात्री रस्त्यावर उभी राहिलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली म्हणजे काळी भिंत होय. कापसाने फुगलेली ट्रॉली असेल, तर असलेला दिवाही माल व ताडपत्रीखाली झाकला जातो. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावावी आणि ती दर फेरीला ओल्या फडक्याने पुसावी. धुळीने माखलेली पट्टी उजेड परतवत नाही. मागचा लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि वळण्याचे दिवे हे ट्रॅक्टरच्या प्लगला जोडून एकाने मागे उभे राहून पाहावेत. दिवे लुकलुकत असतील तर बहुधा अर्थिंग खराब असते. हुकाच्या लोखंडावर अर्थिंगची भिस्त न ठेवता त्यासाठी वेगळी तार ओढावी.

वाटेत बिघाड झाला, तर ट्रॉली शक्य तितकी रस्त्याच्या बाहेर घ्यावी. चाकाला लाकडी ठोकळे लावावेत आणि मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. ठोकळे नसतात म्हणून आपण दगड लावतो आणि काम झाल्यावर दगड तिथेच सोडून निघून जातो. रात्री एखादा मोटारसायकलवाला त्या दगडावर आदळतो. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हाही ईमानाचा एक भाग आहे, असे आपल्याला लहानपणी मदरशात शिकवले गेले. मग स्वतः ठेवलेला दगड तसाच सोडणे, याला काय म्हणावे?

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जास्त भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार रुपये दंड आहे. म्हणजे २ टन जास्त भरले, तर २४ हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

दुसरी बाब विम्याची. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने व्यापारी माल वाहत असताना अपघात झाला, किंवा ट्रॉलीवर माणसे बसलेली असली, तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेते. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे कोर्टात चालतात. म्हणून भाडे ठरवण्याआधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोहोंची कागदपत्रे पाहावीत. आम्ही त्या ईदला हेही पाहिले नव्हते.

कारागीर बंधूंना दोन शब्द

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या गावांत वेल्डिंग, लेथ, टायर आणि गॅरेजच्या कामात आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या हातात मोठी अमानत आहे. दांडीचा तडा आला, तर त्यावर नुसती वेल्डिंगची रेघ ओढून देऊ नये. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडावे, तडा घासून मोकळा करावा, मग भरावा आणि वरून पट्टी मारावी. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढावी. टायर चढवलेल्या रिमला कधीही वेल्डिंग करू नये किंवा गॅस लावू नये. आतली हवा आणि रबर तापून टायर बॉम्बसारखा फुटतो. हायड्रॉलिकने उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय डोके घालू नये. गिऱ्हाईक म्हणेल, 'उस्ताद, तात्पुरते करून द्या.' तात्पुरते काम रस्त्यावर कायमचे ठरते, हे त्याला समजावून सांगावे. ऐकत नसेल, तर ते काम सोडून द्यावे. रोजी अल्लाहच्या हाती आहे.

शेवटी एवढेच. निघण्यापूर्वी पिन, साखळी, नट, हवा, दोर, दिवे हे सहा शब्द ट्रॉलीच्या फाळक्यावर रंगाने लिहून घ्यावेत आणि प्रत्येकाला हात लावून मगच ट्रॅक्टर सुरू करावा. याला दहा मिनिटे लागतात. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. सफरची दुआ पढण्यापूर्वी वाकून पिन पाहणे हे त्याच शिकवणीचे पालन आहे. आमच्या त्या पोराचा हात आता बरा आहे आणि तो आजही आमच्याकडेच कामाला आहे. ट्रॉली असो वा टेम्पो, निघताना तोच प्रथम खाली वाकतो. तो उभा राहून 'ठीक आहे, चाचा' म्हणेपर्यंत आम्ही गाडी सोडत नाही.

अल्लाह आपल्या सर्वांचा माल, जान आणि वाट सलामत ठेवो. आमीन.